म्हात्रे सिस्टर आणि भाजीचोर

म्हात्रे सिस्टरांनी माझ्या दुकानातून ज्या पहिल्या चोराला फोन लावला, त्याला त्यांनी आधी त्याच्या नणंदेची तब्येत विचारली.

दुकान म्हणजे पेणच्या एसटी स्टँडजवळचं माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं. दाखले, परीक्षांचे अर्ज, पासपोर्ट फोटो, आणि कोणी गळ घातली तर वेबसाइटसुद्धा. सिस्टरांनी गळ घातली नव्हती. त्या सरळ आत येऊन माझ्या खुर्चीत बसल्या होत्या.

पेण तालुक्यात त्यांनी तीसेक वर्षं उपकेंद्रात नर्स म्हणून काढली. लसी घेऊन वाड्यावाड्यांवर चालत जायच्या. सुई बघून पोरं रानात पळायची, आणि ती परत येईपर्यंत सिस्टर कोणाच्या तरी ओटीवर बसून भाजी निवडायला मदत करायच्या. ही कुठली, ती कुठली, हिनं काय होतं, तिनं कोण आजारी पडलं, हे सगळं त्यांनी लसीकरणाच्या जुन्या फॉर्मांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून ठेवलं होतं. निवृत्त झाल्यावर तो गठ्ठा त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "याची वेबसाइट करायची."

मी म्हटलं, "पुस्तक काढा ना सिस्टर. छान दिसेल."

"पुस्तकात चूक झाली तर ती छापलेली राहते. वेबसाइटवर लगेच खोडता येते. भाजीच्या चुकीला थांबायला वेळ नसतो."

'सिस्टरची रानभाजी' अशी ती वेबसाइट सुरू झाली. तिच्यावरचं प्रत्येक पान उलट्या क्रमानं असायचं. आधी ही भाजी कुठल्या दुसऱ्या झाडासारखी दिसते आणि ते खाल्लं तर काय होतं, मग हीच चुकीची शिजवली तर काय होतं, आणि वाचणारा तोपर्यंत टिकला तर शेवटी कृती. "शिजवता कोणालाही येतं," त्या म्हणायच्या, "ओळखता येत नाय." कृतीच्या खाली एक ओळ हमखास: ही माहिती कोणी सांगितली, त्या बाईचं नाव आणि वाडी. निम्म्याहून जास्त पानांखाली एकच नाव होतं, सोनी वाघमारे. पेणच्या वरच्या डोंगरातल्या कातकरी वाडीवरची सोनीबाई. वय सिस्टरांएवढंच, पावसाळ्यात बाजारात भाजी घेऊन बसायची आणि सिस्टरांशी भांडायची.

सिस्टर दिसायला लहानखुऱ्या, पण आवाज उपकेंद्राच्या व्हरांड्यातून आंब्याखालच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय लागलेला. शरीराच्या कुठल्याही क्रियेचं नाव घ्यायला त्या लाजत नसत. माझ्या दुकानात उत्पन्नाचा दाखला काढायला आलेल्या सभ्य माणसांसमोर त्या मला कुठल्या पाल्यानं किती वेळा परसाकडे जावं लागतं ते टाइप करायला सांगायच्या. माणसं भिंतीवरच्या दरपत्रकाकडे बघत राहायची. आणि समोर काहीही आलं, माणूस असो की मशीन, त्यांचा पहिला प्रश्न एकच असायचा, "कधीपासून?" माझा प्रिंटर कागद खायला लागला तेव्हाही त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवून विचारलं होतं, "कधीपासून करतोय?"

नवीन भाजी त्या आधी यजमानांना खायला घालत. "यांना संध्याकाळपर्यंत काय झालं नाय की मी खाते." हे यजमान पुढे हृदयविकारानं गेले. भाजीचा त्यात काही संबंध नव्हता, हे सिस्टर कोणी न विचारताच सांगायच्या.

तर नणंद. टाकळ्याच्या पानावर सिस्टरांनी लिहिलं होतं की टाकळा बेतानं खावा, कारण 'माझ्या जोह्याच्या नणंदेनं तो हावरटासारखा खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात गणपतीचे डोळे रेखायचे सोडून दिवसभर डबा घेऊन पळत होती.' ही नणंद खरी होती, जोह्याला तिच्या सासरी गणपतींचा मोठा कारखाना होता, आणि या वाक्यावरून तिनं सिस्टरांशी वर्षभर अबोला धरला होता. एके दिवशी एका वाचकानं कळवलं की तेच पान दुसऱ्या एका वेबसाइटवर आहे. मी उघडलं. अक्षर न अक्षर तेच. वर एका गृहस्थांचा फोटो, जाड मिशी, खांद्यावर उपरणं, खाली लिहिलेलं: 'माझे रानभाज्यांचे अनुभव.' आणि खाली ओळीत 'माझ्या जोह्याच्या नणंदेनं'.

सिस्टरांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मग वेबसाइटवरचा नंबर बघून फोन लावला, स्पीकरवर ठेवला.

"नमस्कार. पेणहून म्हात्रे सिस्टर बोलतेय. तुमच्या नणंदबाई कशा हायत आता?"

"कोण नणंदबाई?"

"टाकळा खाल्लेल्या. पोट थांबलं का त्यांचं?"

"आपण कुठून बोलताय?"

"पेण. तुमचं लग्न झालंय?"

"झालंय. का?"

"नवऱ्याचं नाव काय?"

"अहो बाई, मी पुरुष आहे."

"मिशी बघितली मी. म्हणून तर विचारतेय. नणंद म्हणजे नवऱ्याची बहीण. तुम्हाला नवरा नाय, तर नणंद आली कुठून, तेवढं सांगा. मी फोन ठेवते."

दुकानात फॉर्म भरायला आलेल्या दोन बायका पदर तोंडात धरून हसत होत्या. गृहस्थ म्हणाले, तो लेख त्यांना कोणीतरी व्हॉट्सॅपवर पाठवला होता, त्यांना वाटलं लोकांच्या उपयोगाचं आहे, म्हणून टाकला. सिस्टर म्हणाल्या, "उपयोगाचा हाय. म्हणून तर मी लिहिला." पंधरा मिनिटांत पान उडालं. पुढचे काही दिवस पेणच्या बाजारात ही गोष्ट फिरत होती, आणि जोह्याच्या नणंदेनं ती ऐकून अबोला सोडला, कारण तिच्या मते आता तिच्याहून जास्त अब्रू कोणाची तरी गेली होती.

त्यानंतर चोर मोजावे लागले. सिस्टरांनी त्यासाठी एक वही केली, उपकेंद्रातल्या रुग्णांच्या वहीसारखी. कोण, कुठलं पान, कधी दिसलं, कधी कळवलं, काय उत्तर आलं, आणि शेवटचा रकाना 'बरा झाला की नाही'. कोणी चुकून एखादा परिच्छेद उचललेला असायचा, तो एका मेलमध्ये बरा व्हायचा. कोणी कळवल्यावर नाव टाकायचा आणि सॉरी म्हणायचा. एका बाईनं सिस्टरांनाच उलट विचारलं की तुम्ही तरी कशावरून चोरलं नाही. सिस्टरांनी तिला लसीकरणाच्या फॉर्मचा फोटो पाठवला, ज्याच्या एका बाजूला कुर्डूची भाजी होती आणि दुसऱ्या बाजूला ट्रिपलचा डोस.

हे सगळं चालू असताना त्यांनी वाचनालयातून आणलेलं वनस्पतींचं एक जाडजूड पुस्तक माझ्याकडून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत झेरॉक्स करून घेतलं. मी म्हटलं, "सिस्टर, हीपण चोरीच की."

"मी काय माझ्या नावानं छापतेय? मी शिकतेय. तू कागद भर."

मी कागद भरला.

सगळ्यात चिवट निघाली एक मोठी वेबसाइट. आरोग्य, राशिभविष्य, केस गळणं, देवदर्शन, सगळं एकत्र, आणि मध्येमध्ये जाहिराती नाचतायत. त्यांनी सिस्टरांची साठच्या वर पानं नेली होती, आणि तीही जशीच्या तशी नाही. वाक्यं थोडी फिरवलेली, 'लय' चं 'अत्यंत' केलेलं. इशारे कापून एका ओळीत आणलेले, कारण लोकांना कृती हवी असते. आणि बायकांची नावं सगळीकडून गेलेली.

नावं गेलेली बघून सिस्टर पहिल्यांदा खऱ्या चिडल्या. स्वतःचं गेलं त्याचं त्यांना एवढं वाटलं नव्हतं. "सोनीनं मला हे शिकवलं तेव्हा तिची पोर तापानं फणफणली होती," त्या म्हणाल्या. "पोरीच्या कपाळावर पट्ट्या ठेवत ठेवत ती मला सांगत व्हती. आणि हे भाडखाव तिचं नाव पुसतात."

आम्ही त्या वेबसाइटला चार मेल पाठवले. उत्तर नाही. मग ज्या कंपनीच्या जागेवर ती वेबसाइट ठेवलेली होती, तिच्याकडे तक्रारीचा फॉर्म भरला. मूळ पानाचा पत्ता, चोरलेल्या पानाचा पत्ता, मूळ पान कधी टाकलं त्याचा पुरावा, असं एकेका पानासाठी. फॉर्ममध्ये एक प्रश्न होता: तुम्ही या मजकुराच्या मालक आहात का? मी 'होय' वर टिचकी मारणार, तेवढ्यात सिस्टरांनी माझा हात धरला.

"थांब गो. मालक कशाची?"

"मजकुराची, सिस्टर. लिहिलंय तुम्ही."

"मजकूर माझा. माहिती सोनीची. भाजी कोणाचीच नाय. असं लिही."

"तशी जागाच नाही यात. होय किंवा नाही."

त्यांनी चष्मा पुसून तो प्रश्न पुन्हा वाचला. मग म्हणाल्या, "मार होय. पण मला बरं नाय वाटत." मी टिचकी मारली. कंपनीकडून तक्रार पोचल्याचं उत्तर आलं, आणि पुढे काही नाही. वहीतला शेवटचा रकाना मोकळाच राहिला.

शेवळांचा हंगाम आला तेव्हा दुकानाच्या नंबरवर एका बाईचा फोन आला. नाव अर्चना. मूळच्या सोलापूरकडच्या, नवरा रोह्याच्या एका कंपनीत शिफ्टला, दोन वर्षांपासून रोह्यात. आवाज दबका होता. म्हणाल्या, "म्हात्रे सिस्टर तुमच्याकडे येतात का? मला एकच विचारायचंय. शेवळांच्या भाजीत काकडी घालतात की काकडं? काकडं म्हणजे काय?"

सिस्टर समोरच बसल्या होत्या. मी फोन त्यांच्याकडे दिला.

शेवळं म्हणजे पावसाच्या तोंडावर जमिनीतून वर येणारे जांभळट कोंब. चवीला अप्रतिम, पण नीट साफ केले नाहीत आणि आंबट घातलं नाही तर घशाला अशी खाज सुटते की माणूस रडतो. त्यासाठी त्यात काकडं ठेचून घालायची. काकडं म्हणजे काकड नावाच्या झाडाची सुपारीएवढी आंबट फळं. आमच्याकडे शेवळं विकणारी बाई काकडं बरोबरच देते. अर्चनाबाईंनाही बाजारात तिनं दिली होती. पण त्यांनी फोनवर कृती उघडून बघितली, त्यात लिहिलं होतं 'आठ-दहा काकड्या किसून घ्याव्यात', आणि त्या तिला म्हणाल्या, "नको, घरात काकडी आहे."

घरातले तिघे घसा धरून बसले. सासूबाई गावाहून चार दिवसांसाठी आल्या होत्या, त्यांची जीभ आणि ओठ एवढे सुजले की श्वास लागायला लागला. दोन दिवस हॉस्पिटलात ठेवावं लागलं. तिथे खाटेशेजारी बसून अर्चनाबाईंनी फोनवर शोधाशोध केली, तेव्हा त्यांना सिस्टरांचं मूळ पान सापडलं. दोन्ही पानं जवळजवळ सारखी. फक्त यांच्यात काकडं, त्यांच्यात काकडी. कोणाचं खरं, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं, कारण घरात सगळे म्हणत होते की तूच काहीतरी चुकीचं घातलंस.

सिस्टर फोनवर फार बोलल्या नाहीत. कुठलं हॉस्पिटल ते विचारलं. मग मला म्हणाल्या, "रोह्याची गाडी किती वाजता हाय?"

मी दुकान बंद करून बरोबर गेले. रोह्याला पोचलो तोवर सासूबाईंची सूज उतरली होती, पण आवाज फुटत नव्हता. सिस्टरांनी त्यांच्या उशाशी स्टूल ओढला, घसा बघितला, काय काय दिलं ते चार्टवर वाचलं. मग त्या म्हाताऱ्या बाईला म्हणाल्या, "आजी, सुनेची चूक नाय. ते वाक्य माझं हाय. दुसऱ्यानं मोडून टाकलं, पण मूळ माझं." मुलगा पायाशी उभा होता. त्यालाही त्यांनी तेच सांगितलं, वेगळ्या शब्दांत आणि मोठ्या आवाजात, त्यामुळे ते सगळ्या वॉर्डनं ऐकलं. अर्चनाबाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

परतीच्या गाडीत सिस्टर नागोठणं गेल्यावर म्हणाल्या, "तीस वर्षांत माझ्या हातून एक सुई चुकली नाय, विद्या. आणि आता हे." मी म्हटलं, यात तुमचा काय दोष. त्या म्हणाल्या, "दोष नाय म्हणून त्या बाईचा घसा कमी सुजला का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या हातात स्टीलचा डबा घेऊन दुकानात आल्या. अर्चनाबाईंची ती कृती त्याच चिवट वेबसाइटवरची होती. तिच्या संपर्काच्या पानावर पत्ता होता, आणि तो रोह्याचाच होता, बाजारातल्या एका इमारतीचा दुसरा मजला. आम्ही तो आधीही वाचला होता, पण इतक्या उघडपणे कोणी खरा पत्ता देईल असं आम्हाला वाटलं नव्हतं. पत्ता खरा होता. काचेचं दार, आत तीन मुली कॉम्प्युटरवर, आणि कोपऱ्यात केबिनमध्ये पराग नावाचे मालक. पस्तिशीचे, कपड्यांना इस्त्री, बोलणं मऊ.

सिस्टर समोर बसल्या आणि म्हणाल्या, "कधीपासून?"

"काय कधीपासून, मॅडम?"

"हे दुखणं. दुसऱ्याचं उचलायचं."

आमचे चार मेल त्यांना आठवले. चेहऱ्यावरून कळलं. ते म्हणाले, "मॅडम, इंटरनेटवर आलं की ते सगळ्यांचंच असतं. आणि आम्ही कॉपी करत नाही, रिराइट करतो. सॉफ्टवेअर आहे आमच्याकडे. उलट तुमच्याहून शुद्ध होतं."

"शुद्ध," सिस्टर म्हणाल्या आणि डबा उघडला. शेवळांचा वास केबिनभर झाला. "ही तुमच्या पानावरची भाजी. तुमचीच कृती, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. खा."

"मी आत्ता जेवून आलोय."

"अकरा वाजलेत."

"नाही म्हणजे, आज माझा उपास आहे. मंगळवार."

"आज बुधवार हाय."

परागसाहेबांनी डब्याकडे बघितलं. तेवढ्यात दाराशी बसलेली मुलगी उठून आत आली. रोह्याच्या आसपासच्या गावातली असावी. तिनं डब्यात डोकावून विचारलं, "यात काकडं नाहीत?"

"साहेबांच्या कृतीत काकडं नायत. काकडी हाय," सिस्टर म्हणाल्या.

ती मुलगी मालकाकडे वळली. "सर, खाऊ नका. मी तुम्हाला तेव्हा म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, सॉफ्टवेअरनं स्पेलिंग दुरुस्त केलंय."

सिस्टरांनी मग हॉस्पिटलातल्या आजीबद्दल सांगितलं. आवाज न चढवता, वरिष्ठ डॉक्टरला रिपोर्ट द्यावा तसं. वय, किती भाजी खाल्ली, किती वेळात सूज आली, श्वास कधी लागला, सुनेला घरात काय ऐकावं लागलं. हॉस्पिटल तिथून चालत दहा मिनिटांवर होतं, हेही सांगितलं. परागसाहेबांचा मऊपणा हळूहळू उतरला आणि खालून एक घाबरलेला माणूस बाहेर आला. ते म्हणाले, "मला हे माहीत नव्हतं."

"तेच म्हणतेय मी. तुम्हाला माहीत नाय. मग लिहिता कशाला?"

शेवळांचं पान लगेच गेलं. पण सिस्टर उठल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून वही काढली आणि एकेक नाव वाचायला सुरुवात केली. भारंगी. कुर्डू. फोडशी. ती दाराजवळची मुलगी खोडत गेली, सिस्टर शेवटच्या रकान्यात खूण करत गेल्या. मध्ये परागसाहेबांनी चहा मागवला. पान खोडताना ते एकदा म्हणाले, "तुमचं नाव टाकतो ना मॅडम खाली, राहू द्या." सिस्टर म्हणाल्या, "माझ्या नावानं तुमचं सॉफ्टवेअर उद्या आणखी एक म्हातारी पाडेल. खोडा."

सगळं खोडून झाल्यावर ते जे बोलले, त्यासाठी मी त्यांना अजून विसरलेली नाही. अगदी मनापासून, दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "इथलं गेलं, पण आमच्याकडून आणखी दहा-बारा जणांनी उचललंय. लोक आमचंसुद्धा चोरतात हो मॅडम. काही करता येत नाही."

सिस्टरांनी डबा स्वतःकडे ओढून घेतला आणि शांतपणे भाजी खायला लागल्या. त्या मुलीनं त्यांचा हात धरला. सिस्टर म्हणाल्या, "काकडं ठेचून घातलीत गो पोरी. मी नर्स हाय, खाटीक नाय. ये, तूपण खा." तिन्ही मुलींनी खाल्ली. परागसाहेबांनी तेव्हाही खाल्ली नाही.

जाताना आम्ही पुन्हा हॉस्पिटलात गेलो. सिस्टरांनी अर्चनाबाईंना पान खोडल्याचं सांगितलं आणि उरलेली काकडं त्यांच्या हातात दिली, नीट ओळखून ठेवायला.

दहा-बारा जणांचं काय करायचं, हे मात्र राहिलंच. कोणी कुठल्या गावचा, कोणाचा पत्ता नाही, कोणाचा नंबर लागत नाही. प्रत्येकाकडे डबा घेऊन जाणं शक्य नव्हतं. दोन दिवस सिस्टर दुकानात आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या त्या कागदांचा गठ्ठा घेऊन. म्हणाल्या, "सगळं परत लिहायचं. पहिल्यापासून."

"का?"

"इशारा वेगळा लिहिला की कापतात. नाव खाली लिहिलं की कापतात. आता वेगळं काय ठेवायचंच नाय."

आणि त्यांनी खरोखर साठच्या वर पानं पुन्हा लिहिली. आता वाक्यं अशी असायची: 'सोनी वाघमारेच्या सांगण्याप्रमाणे पिवळा दाणेदार भाग काढून टाकलेली शेवळं काकड झाडाच्या आंबट फळांत, काकडीत नव्हे, शिजल्याशिवाय घसा सुजेल म्हणून सोनी वाघमारे तोंडात घालत नाही, आणि आपणही घालू नयेत.' पुढच्या वाक्यात पुन्हा सोनी, पुन्हा काकड. कुठलंही वाक्य उचला, भाजी, धोका आणि बाई तिन्ही बरोबर यायचे. एक काढायला गेलं की वाक्य कोसळायचं. मी टाइप करताना वैतागून म्हटलं की हे वाचवत नाही. पुण्याच्या एका जुन्या वाचकानंही कळवलं की सिस्टरांची पूर्वीची खुसखुशीत भाषा हरवली, आता फार बोजड झाली. सिस्टरांनी त्याला एका ओळीत उत्तर लिहायला लावलं: 'बोजड भाषेनं घसा धरत नाय.'

जोह्याची नणंद मात्र त्यांनी काढून टाकली. मला वाटलं होतं तीच सगळ्यात शेवटपर्यंत टिकेल. विचारलं तर म्हणाल्या, "तिला बाईला किती ठिकाणी पळवायची?"

पुढच्या वर्षी चोर आलेच. पण आता जिथे तिथे सोनी वाघमारे दिसायला लागली. कोणी तिला 'वनस्पतीतज्ज्ञ सोनी वाघमारे' केलं, कोणी 'आयुर्वेदाचार्या'. एका वेबसाइटनं तिला परस्पर डॉक्टर करून टाकलं. काकडं मात्र सगळीकडे काकडंच राहिली. सिस्टर एकदा मला घेऊन वाडीवर गेल्या. सोनीबाई दारात काटक्या मोडत बसली होती. तिला वाचता येत नव्हतं. सिस्टरांनी माझ्या मोबाइलवर एक चोरलेलं पान मोठ्यानं वाचून दाखवलं. सोनीबाई ऐकत राहिली. आपलं नाव आलं की काटकी मोडायची थांबायची.

"कोनी लिवलाय?" तिनं विचारलं.

"चोरानं," सिस्टर म्हणाल्या.

"बरा लिवलाय." मग थोडा विचार करून, "पन मी शेवला नारलाच्या रसात बी करते. त्या चोराला सांग."

त्यावर त्या दोघी भांडायला लागल्या. सिस्टरांचं म्हणणं हे सोनीनं कधी सांगितलंच नव्हतं, सोनीबाईचं म्हणणं सिस्टरांनी कधी विचारलंच नव्हतं. मी काटक्यांच्या ढिगाशेजारी बसून होते. भांडण संपेपर्यंत सिस्टरांनी नारळाचा रस लिहून घेतला होता.

सिस्टरांचे गुडघे पुढे फार दुखायला लागले. मुलगी नाशिकला असते, ती म्हणाली, एकटं राहू नका, इकडेच या. सिस्टरांनी वर्षभर कारणं काढली आणि मग एक दिवस सामान आधी पाठवून दिलं. जायच्या दिवशी मी स्टँडवर सोडायला गेले. वेबसाइटचा पासवर्ड त्यांनी मला आदल्या दिवशीच दिला होता, कागदावर लिहून, आणि खाली 'कोणाला देऊ नको' असं दोनदा लिहून.

हातात एकच गोणपाटाची पिशवी होती, नाशिकला लावायला मातीसकट काढलेल्या शेवळांच्या कंदांची. कंडक्टर म्हणाला, "सिस्टर, एसटीत चिखल कशाला चढवताय?" तो हमरापूरचा होता, लहानपणी त्याला त्यांनीच लस टोचली होती, हे त्यांनी त्याला सगळ्या गाडीसमोर सांगितलं, कुठल्या जागी टोचली होती त्यासकट. पिशवी चढली.

गाडी सुटली तेव्हा मी खिडकीखाली उभी होते, हात वर केलेला. सिस्टरांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. त्यांनी शेजारच्या सीटवरच्या अनोळखी बाईचं मनगट दोन बोटांत धरलं होतं, आणि स्वतःच्या घड्याळाकडे बघत त्या ओठांतल्या ओठांत ठोके मोजत होत्या.